छपरालाही औषध लागते

होळी झाली की डोक्याला रुमाल बांधायची आठवण खानदेशात कोणाला करून द्यावी लागत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी मुक्ताईनगरचा माणूस ‘आज जरा ऊन आहे’ एवढेच म्हणून कामाला लागतो. घरात माठ, जेवणात कांदा, दुपारी पन्हे आणि बारा ते चार रस्ते ओस, ही शिस्त आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळत आलो आहोत. उन्हात जाऊ नये हे आपल्याला चांगले कळते. पण ऊनच घरात शिरले तर काय करायचे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. आज तोच करू.

उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात उष्णतेने आजारी पडलेले दोन प्रकारचे रुग्ण येतात. पहिला प्रकार सर्वांच्या ओळखीचा. शेतात निंदणीला गेलेली बाई, केळीचे घड वाहणारा मजूर, भर दुपारी मोटारसायकलवरून भुसावळला जाऊन आलेला तरुण. यांना ऊन कुठे लागले ते सांगता येते. दुसऱ्या प्रकारचा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याला दोघे-तिघे धरून आणतात. अंग तव्यासारखे तापलेले, जीभ कोरडी, बोलणे असंबद्ध. आणि सोबत आलेला मुलगा गोंधळून सांगतो, “डॉक्टरसाहेब, माय तर उन्हात गेलीच नाही. सकाळपासून घरात खाटेवरच होती.”

मुलगा खोटे बोलत नसतो. अशा वेळी उपचार सुरू करता करता मी एक प्रश्न हमखास विचारतो, “आईच्या खोलीवर काय आहे? पत्रा की स्लॅब?” नातेवाइकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. परंतु रक्तदाब आणि साखर विचारण्याइतकाच तो महत्त्वाचा आहे. उत्तर पुष्कळदा ठरलेले असते. पुढे मुलांनी स्लॅबचे घर बांधलेले असते आणि म्हातारा-म्हातारी मागच्या पत्र्याच्या खोलीत असतात. कोणी त्यांना मुद्दाम तिथे टाकलेले नसते. तीच त्यांची जुनी जागा, तिथेच त्यांना मोकळे वाटते. पण दुपारी तीन वाजता त्या खोलीत पाच मिनिटे बसून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

शरीराचे गणित

आपले शरीर ही एक लहानशी भट्टीच आहे. नुसते पडून राहिलो तरी शरीरात उष्णता तयार होते आणि ती सतत बाहेर टाकावी लागते. आपल्या कातडीचे तापमान साधारण ३५ अंश असते. आजूबाजूची हवा आणि भिंती त्याहून थंड असतील तर ही उष्णता आपोआप बाहेर जाते. भोवतालचे सगळेच ३५ अंशांच्या वर गेले की हा मार्ग बंद होतो. मग उरतो एकच मार्ग, घाम येऊन तो वाळणे. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही घाम कमी होतो.

आता छपराचे गणित पाहा. भर दुपारच्या उन्हात छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट इतकी उष्णता पडते. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीच्या छपरावर एक किलोवॅटच्या अकरा विजेच्या शेगड्या पेटवून ठेवल्यासारखे झाले. यातली बरीच उष्णता वाऱ्याबरोबर आणि आकाशाकडे निघून जाते हे खरे. पण लोखंडी पत्रा उष्णता अडवतच नाही. तो वरून तापतो तसाच खालूनही तापतो आणि खाटेवरच्या माणसावर शेकोटीसारखी धग टाकत राहतो. त्यासाठी हवा तापण्याचीही गरज नसते. शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजते आणि पाठ गार राहते, तीच ही धग.

पंखा लावला की झाले, असे आपण समजतो. पण पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. खोलीतली हवा ४० अंशांच्या वर गेली की तीच गरम हवा पंखा अंगावर फेकतो आणि शरीर उलट तापते, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेनेही दिला आहे. अशा वेळी अंग ओल्या फडक्याने पुसत राहिले तरच पंख्याचा उपयोग होतो.

धाबे गेले, पत्रा आला

आपले पूर्वज भौतिकशास्त्र शिकले नव्हते, पण त्यांनी धाब्याची घरे बांधली. लाकडी सर, त्यावर कड्या, त्यावर फळ्या आणि वर मातीचा जाड थर. भिंतीही दोन-दोन फूट मातीच्या. माती हळूहळू तापते. दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर घरातली मंडळी अंगणात किंवा धाब्यावर झोपायला गेलेली असतात. दुपारी घर गार, रात्री उघड्यावर झोप, असा तो हिशेब होता.

धाबे दरवर्षी पावसाळ्याआधी दुरुस्त करावे लागे. खारी माती टाकायची, चोपायची, तरी एखादा कोपरा गळायचाच. लाकूड महागले, माणसे मिळेनाशी झाली आणि जागोजागी पत्रा आला. पत्रा गळत नाही, एका दिवसात बसतो, खिशाला परवडतो. पत्रा घालणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. पण धाब्यातून पत्र्याखाली येताना आपण फूटभर मातीचे पांघरूण काढून टाकले आणि त्याच्या जागी काहीच घातले नाही, एवढे लक्षात घ्यायला हवे.

स्लॅबच्या घराची तऱ्हा वेगळी. सहा इंची काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ओकते. म्हणून स्लॅबखाली दुपारपेक्षा रात्री दहा वाजता अधिक उकडते. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशीचे ऊन झेपत नाही. उष्णतेची लाट तिसऱ्या-चौथ्या दिवशी अधिक घातक होते ती यामुळेच.

इतरांनी काय भोगले

ही केवळ माझ्या दवाखान्यातली गोष्ट नाही. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. नंतर डॉक्टरांनी मृतांची घरे तपासली, तेव्हा इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका अधिक होता असे आढळले. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे पंधरा हजार माणसे उष्णतेने गेली, त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा मोठा होता. तिथल्या अभ्यासातही हेच निघाले. ज्यांची झोपण्याची खोली थेट छपराखाली होती आणि ज्यांच्या घराला उष्णता अडवणारा थर नव्हता, त्यांचे मरण अधिक ओढवले.

लांब कशाला, शेजारच्या गुजरातेत पाहा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली. २०१७ पासून गरीब वस्त्यांमधल्या घरांची छपरे पांढऱ्या रंगाने रंगवण्याचे कामही तिथे सुरू झाले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छपरांसाठी राज्याचे धोरणच जाहीर केले. आपल्या देशाच्या ‘इको-निवास संहिता २०१८’ मध्येही घराच्या छपरातून किती उष्णता आत येऊ द्यावी याची मर्यादा ठरवून दिलेली आहे. उघडा पत्रा किंवा उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे.

काचेची लोकर म्हणजे काय

अलीकडे काही घरांतून आणि दुकानांतून ‘ग्लासवूल’ बसवलेले दिसते. रुग्ण मला विचारतात, “डॉक्टरसाहेब, ते पिवळे कापसासारखे असते ते बसवू का? त्याने दमा होतो म्हणतात.” म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगतो.

काच वितळवून तिचे अतिशय बारीक तंतू काढतात आणि त्यांची चिकट द्रव्याने गादी करतात. ही काचेची लोकर होय. १९३० च्या दशकात अमेरिकेत तिचे उत्पादन सुरू झाले. तिकडे ती थंडीसाठी, घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीत आणि छपरात घालतात. आपल्याला बाहेरची धग आत येऊ द्यायची नाही. काम एकच, दिशा उलटी.

उष्णता अडवते ती काच नव्हे. तंतूंच्या जाळ्यात अडकून पडलेली हवा ते काम करते. गोधडी ऊब देते तीही दोन थरांमधल्या हवेमुळेच. ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच लोकर, उष्णता अडवण्यात साधारण तीन फूट जाडीच्या वीटकामाची बरोबरी करते. मात्र ही लोकर दाबली किंवा भिजली की आतली हवा जाते आणि मग तिचा काही उपयोग राहत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप समजतील.

आपल्या भागात केळी पिकवण्याच्या खोल्यांना भिंतीपासून छतापर्यंत उष्णतारोधक पॅनेल लावतात, कारण दोन-चार अंशांनी माल बिघडतो हे व्यापाऱ्याला ठाऊक असते. माणूस केळीपेक्षा काटक आहे खरा. पण त्याच्यासाठीही दोन इंचांचा विचार करायला हरकत नसावी.

कोणत्या घराला काय करावे

*पत्र्याचे घर :* इथे लोकर पत्र्याच्या खालून बसवावी. ५० मिलिमीटर जाडी कमीत कमी, उंची असेल तर ७५ मिलिमीटर अधिक चांगली. घनमीटरला २४ किंवा ३२ किलो घनतेची लोकर घरासाठी पुरते. पुडक्यावर आय. एस. ८१८३ हा मानक क्रमांक आहे का ते पाहावे. एका बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा चकाकता कागद चिकटवलेली लोकर घ्यावी. हा कागद खोलीच्या बाजूला आणि लोकर पत्र्याच्या बाजूला राहील अशी ती बसवावी.

*स्लॅबचे घर :* इथे उपाय शक्यतो वरून, म्हणजे गच्चीवर करावा. ऊन स्लॅबपर्यंत पोहोचूच दिले नाही तर तो रात्री काय ओकणार? वीटतुकड्यांचा कोबा, त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्स, किंवा नुसता पांढरा रंग, यांपैकी जे परवडेल ते. काही ठिकाणी गच्चीवर मातीची मडकी उपडी मांडून वर कोबा करण्याची जुनी पद्धत आहे, तीही चांगली. काचेची लोकर गच्चीवर उघडी टाकू नये, ती पावसात भिजते. स्लॅबच्या खालून लोकर लावून फॉल्स सीलिंग केले तरी फायदा होतो, पण खर्च अधिक.

*थर्माकोल :* स्वस्त पडते आणि उष्णताही अडवते. पण ते पेट घेते आणि जळताना घुसमटवणारा काळा धूर सोडते. घरात चूल असेल, वायरिंग जुने असेल तर उघडे थर्माकोल छताला लावू नये. काचेची लोकर स्वतः पेटत नाही, हा तिचा मोठा गुण.

*चकाकता फुगेवाला कागद :* दुकानदार हा ‘ग्लासवूलसारखाच’ म्हणून विकतात. तो फक्त धग परतवतो, तीही त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये इंचभर मोकळी हवा असेल तर. पत्र्याला चिकटवून लावला तर पैसे बरेचसे वाया गेले.

बसवताना घ्यायची काळजी

काम शक्यतो हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारीत उरकावे. एप्रिलमध्ये पत्र्याखाली चढून काम करणारा मिस्त्रीच माझ्याकडे दाखल होईल.

१) आधी छप्पर गळते का ते पाहून दुरुस्त करून घ्या. गळक्या पत्र्याखाली लोकर म्हणजे पाण्याने भरलेली गादी. त्यात बुरशी धरते आणि दम्याच्या माणसाला तीच जास्त त्रास देते. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने दव टपकते, म्हणून लोकर पत्र्याला घट्ट भिडवू नका, मध्ये थोडी फट ठेवा.

२) पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना किंवा वाशांना आधार घेऊन तारेची जाळी ताणून बांधा आणि तिच्यावर लोकरीच्या पट्ट्या अंथरा. पट्टी दोन पाइपांमधल्या जागेपेक्षा किंचित रुंद कापावी, म्हणजे ती अलगद अडकून बसते. कोंबू नये. दोन पट्ट्यांत फट राहू देऊ नये. एका बोटाची फट सगळ्या खोलीला पुरून उरते.

३) खालून जिप्सम बोर्ड, प्लायवूड किंवा पीव्हीसीच्या पट्ट्यांनी ती पूर्ण झाका. लोकर राहत्या खोलीत उघडी ठेवू नये. वरून तंतू गळतात आणि उंदीर घरटी करतात. कडेच्या भोकांना बारीक जाळी मारा.

४) विजेच्या तारा आधी पाइपातून घालून घ्या. जुनी, सोललेली वायर लोकरीत गाडू नका. ती तापते, आणि चकाकता कागद विजेचा वाहक असतो. दिव्याच्या होल्डरभोवती जागा मोकळी सोडा.

५) छताची उंची मोजा. नवे छत पंख्यासह इतके खाली येता कामा नये की खाटेवर उभ्या राहिलेल्या पोराचा हात पात्याला लागेल. उंची कमी असेल तर भिंतीवरचा पंखा लावा.

६) घर बंद डबा करू नका. वर गरम हवा जायला झरोका आणि खालून हवा यायला खिडकी हवीच. कूलर लावला तरी एक खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर दमट हवेत घाम वाळत नाही. आणि ज्या खोलीत चूल किंवा शेगडी पेटते तिथली धूर जाण्याची वाट कधीही बुजवू नका. बंद खोलीतला कोळशाचा वायू झोपेतच माणूस नेतो, त्याला वासही नसतो.

ही लोकर आरोग्याला घातक आहे का?

बसवताना त्रास होतो, हे नक्की. तंतू कातडीत रुततात आणि खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णाला खोकल्याची उबळ येते. म्हणून काम करणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला एन-९५ मास्क लावावा. नुसता रुमाल पुरत नाही. लोकर धारदार लांब सुरीने कापावी, हाताने फाडू नये. खाज सुटली तर चोळू नये, आधी गार पाण्याने अंगावरून पाणी सोडावे आणि मग साबण लावावा. ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. काम चालू असताना लहान मुले, गरोदर स्त्री आणि दमेकरी यांना दुसऱ्या घरी पाठवावे. शेवटी ओल्या फडक्याने जमीन पुसून घ्यावी, झाडूने धूळ उडवू नये.

राहिला कर्करोगाचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली या लोकरीला ‘कर्करोगाची शक्यता असलेल्या’ गटात ठेवले होते. २००१ मध्ये पुन्हा सर्व पुरावा तपासला गेला आणि घरबांधणीत वापरली जाणारी काचेची लोकर त्या गटातून काढण्यात आली. हे तंतू फुप्फुसात गेले तरी हळूहळू विरघळतात. तेव्हा नीट झाकलेली लोकर डोक्यावर आहे म्हणून घरच्यांनी भीती बाळगण्याचे कारण नाही.

भीती बाळगायची ती सिमेंटच्या पत्र्याची

ज्याची धास्ती घ्यायला हवी ते मात्र आपण बिनधास्त हाताळतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याचे तंतू फुप्फुसात विरघळत नाहीत. फुप्फुस कडक होणे, फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग हे विकार त्यातून होतात आणि तेही वीस ते चाळीस वर्षांनी. म्हणूनच १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदीच घातली आहे.

डोक्यावर शाबूत सिमेंटचा पत्रा असेल तर आज रात्रीच घर सोडण्याची गरज नाही. पण त्याला ड्रिलने भोक पाडू नका, करवतीने कापू नका, कोरड्या ब्रशने घासू नका. लोकर बसवायची झाली तर आधार लाकडी किंवा लोखंडी चौकटीचा घ्या, पत्र्याचा नव्हे. पत्रा फुटला तर तुकडे पाण्याने भिजवून उचला आणि पोरांना त्यांच्याशी खेळू देऊ नका. पुढे छप्पर बदलायची वेळ आली की पुन्हा तोच पत्रा घालू नये.

पैसे कमी असतील तर

फॉल्स सीलिंग आणि लोकर हा सगळ्यांच्या आवाक्यातला खर्च नाही, हे मी जाणतो. रोजंदारीवर जगणाऱ्याला ‘ग्लासवूल बसवा’ म्हणून सांगणे म्हणजे आजाऱ्याला हवापालटासाठी महाबळेश्वरला जा म्हणण्यासारखे आहे. पण औषध एकच नसते.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय चुन्याचा. मार्चमध्ये पत्र्याच्या किंवा गच्चीच्या वरच्या बाजूला चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा फेविकॉल मिसळतात. गंजलेला काळपट पत्रा ऊन पितो, पांढरा पत्रा बरेचसे परतवतो. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते, म्हणून रंगवताना चष्मा घाला. काही गेलेच तर पंधरा-वीस मिनिटे सतत स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन लगेच दवाखाना गाठा. तापलेल्या किंवा कुजक्या पत्र्यावर चढू नका.

दुसरा उपाय सावलीचा. पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून हिरवी जाळी ताणली तरी फरक पडतो. पऱ्हाट्या, केळीची वाळलेली पाने, गवत पत्र्यावर पसरण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. ती गुणकारी आहे, पण एका ठिणगीने पेटते. चुलीचा धुराडा किंवा विजेची तार जवळ असेल तर ती टाळा. पश्चिमेच्या भिंतीला सावली करा आणि त्या बाजूला एखादे कडुनिंब लावा.

तिसरा उपाय बिनपैशाचा आहे. घरातली सर्वांत गार जागा शोधा आणि ती म्हातारी माणसे व तान्ही बाळे यांना द्या. बाजारात भिंतीवर टांगायचा साधा तापमापक मिळतो. तो खाटेच्या उशाशी लावून दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता वहीत आकडा लिहा. उपाय करण्याआधीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहा. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा ही वही खरे सांगेल. दुपारी खोलीत ३५ च्या वर आकडा जात असेल तर आजी-आजोबांची खाट पुढच्या स्लॅबच्या खोलीत, शेजाऱ्यांच्या धाब्याच्या घरात किंवा झाडाखाली हलवा. रात्री मात्र स्लॅबखाली झोपवू नका, मच्छरदाणी लावून अंगणात झोपवा. आजी ‘माझी मी बरी आहे’ म्हणतील. ऐकू नका.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी एक सूचना. इन्सुलिन तापलेल्या खोलीत नासते, मग इंजेक्शन घेऊनही साखर उतरत नाही. फ्रीज नसेल तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या वाळूतल्या मातीच्या मडक्यात, खोलीतल्या सर्वांत खालच्या गार कोपऱ्यात ठेवावी. पत्र्याजवळच्या फळीवर कोणतेच औषध ठेवू नये.

तरीही ऊन लागलेच तर

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत वांब, फार थकवा ही पहिली लक्षणे. अशा माणसाला गार जागी आडवे करा, कपडे सैल करा, ओआरएस किंवा मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजा. हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती पाणी प्यावे हे आपल्या डॉक्टरांना उन्हाळ्याआधीच विचारून ठेवावे. लघवीची गोळी मनाने बंद करू नये.

अंग १०४ च्या वर तापले आणि माणूस बरळू लागला, ओळखेनासा झाला किंवा झटके आले, तर तो उष्माघात होय. घाम आहे की नाही याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी ओता, पंखा लावा, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून काखेत, मानेला आणि जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नाही. कांदा चोळत बसण्यात वेळ घालवू नका. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम विसरू नये. ही पहिली वीस-तीस मिनिटे नंतरच्या सलाइनच्या बाटल्यांपेक्षा मोलाची असतात.

सलाइन, गोळ्या, इंजेक्शने यांची व्यवस्था आम्ही डॉक्टर करू. पण रुग्ण बरा होऊन पुन्हा त्याच तापलेल्या पत्र्याखाली जाऊन झोपणार असेल, तर चार दिवसांनी तो परत येणार. वाचकांना म्हणून एवढेच सांगणे की, या वर्षी नवा कूलर घेण्याआधी एकदा मान वर करून छपराकडे बघा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर काय आहे ते तपासा. आणि चुन्याची बादली असो की काचेची लोकर, जे झेपेल ते पाडव्याच्या आत करून टाका.